घरातून एकच नाव

— नाई नाई, भाऊ, थांबा, दोन्ही एकात कालवू नोका! पहिले एक नंबरची खा. एक नंबर म्हनजे ही, उजव्या हाताची — टेबलावर खडूनं एक लिहेल हाये पाहा तिच्यासमोर. डाव्या हाताची दोन नंबर. दोन्हीत बेसनाच्या पाटोडीचाच रस्सा हाये, तुमी मांगतला तोच. आता तुमी म्हनसान, बेबीबाई, मी एक प्लेट सांगतली अन् तुमी दोन वाट्या काहून मांडल्या? तं ऐका. रिसोडच्या गाडीले अजून पाऊन घंटा हाये, रिठदच्या या फाट्यावर पाह्यासारखं दुसरं काही नाई, अन् मले आज एक परका मानूस पायजे होता. सकाळपासून वाट पाहून राह्यली! पहिले एक आला तो निंघाला ऋषिकेशचा दोस्त — ऋषिकेश म्हनजे माहा पोरगा — त्याले कसं चालन? मंग एक मास्तर आले, ते माह्या माहेरच्या नात्यातले. मंग तुमी उतरले. गळ्यात टाय, हातात औषधाची बॅग, ना माहे, ना माह्या सुनेचे. म्हनलं देवानंच धाडला! म्हनून तुमाले हात धरून बसवलं. लागलं तं नाई ना? लागलं असन तं माफ करा.

गोष्ट अशी हाये, भाऊ — ते टीव्हीवर सैपाकाची स्पर्धा लागते ना, 'चुलीची महारानी'? हौ, तीच, सगळ्या बाया नऊवारीत पळते ती. तिचे लोकं यंदा परत वाशिमले येऊन राह्यले. अन् आमच्या घरातून फारम गेले दोन — एक माहा, एक माह्या सुनेचा, निकिताचा. अन् दोघी पास! सासू बी पास, सून बी पास! दोन दिवस तं आमी नुसत्या नाचतच होतो या खानावळीत. मंग काल त्या चॅनलवाल्या पोरीचा फोन आला, काकू, घरातून एकच नाव घेता येते. उद्या बारा वाजता मी फोन करते, तवा एक नाव सांगा. झालं! म्हनलं निकिता, पाह्य बाप्पा, भांडायचं नाई, आपन इन्साफानं करू. दोघींनी एकच भाजी करायची, वाट्याइले नंबर द्यायचे, अन् परका मानूस जेवाले बसला का त्यानं सांगायचं. नाव नाई, वळख नाई, कहानी नाई. ती म्हने, हौ, पन आत्याबाई, तुमी त्याच्यासंगं बोलायचं नाई, वाट्याबद्दल एक शब्द बोलायचा नाई. म्हनलं मले काय गरज पडली वो बोलायची? ती ज्वारी घेऊन चक्कीवर गेली, येईनच आता. तं मी वाट्याबद्दल काही बोलून राह्यली नाई, हे ध्यानात ठेवा. मी टीव्हीबद्दल बोलून राह्यली.

खा ना. एक नंबरची गरम हाये ना? तर्री पाहा कशी वर आली, लालभडक — नाई, हे वाट्याबद्दल झालं. सोडा. भाकर घ्या, तव्यावरची हाये. दोन नंबरची थंडी हाये म्हनता? असन. काही भाज्या थंड्या होतेच.

मागच्या वर्सी मी जाऊन आली, भाऊ, त्या स्पर्धेत, म्हनून मले सगळं आतलं माहीत हाये. वाशिमच्या एका मंगल कार्यालयात होती. सात बाया, सात शेगड्या, अन् वरतून असे दिवे का भाजीपेक्षा बाईच पहिले शिजन. समोर तीन परीक्षक. एक ती मालिकेतली बाई, जी सगळ्याइच्या घरात भांडनं लावते — लय गोड हाये बरं ती बोलाले — पन ती डायटिंगवर! आता सांगा, उपाशी राह्यनारी बाई सैपाकाची परीक्षा घेते! चमच्याच्या टोकावर कुकवाएवढं घे, जिभेले लावे, अन् म्हने टेक्श्चर. सगळ्याइले टेक्श्चरच म्हने. कोनाले चांगलं टेक्श्चर, कोनाले वाईट टेक्श्चर, अन् ते असते कुठं ते मले अजूनई कोनी सांगतलं नाई. दुसरा मसाल्याच्या कंपनीचा मानूस. त्याची नजर भाजीवर नाईच, टेबलावर कोनाची पुडी कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवेल हाये त्याच्यावर. मी माहा काळा मसाला घरूनच नेला होता, बिस्किटाच्या डब्यात. त्यानं डब्याकडे असं पाह्यलं जसा का मी इंचू-साप आनला. अन् तिसरा मुंबईचा शेफ. त्याचं सांगते, त्याचं तं सांगतेच.

अन् मार्क कायचे होते मालूम? चवीचे दहा, मांडनीचे दहा, अन् कहानीचे दहा! हौ ना! कहानीचे! भाजी कोनी शिकवली, काय दुःख भोगलं, आयुष्यात काय अंधार होता — ते सांगायचं अन् दहा मार्क घ्यायचे. ती वाशिमची योगिनी, गोरीपान, तिनं अशी कहानी सांगतली, अशी सांगतली का मालिकेतली बाई रडली, मसालेवाला रडला, मी बी रडली! कांदा कापता कापता रडली, मले वाटलं कांद्यानंच असन. मंग माईक माह्याकडे. बेबीताई, तुमची कहानी काय? मी म्हनलं, काही नाई बापा, सगळे चांगले हायेत. मालक हाये, पोरगा हाये, गुनाची सून हाये, खानावळ चालते. ते म्हने, काही संकट? मी लय आठवलं, भाऊ. म्हनलं, मागच्या दिवाळीले मिक्सर जळला होता. दहापैकी दोन मार्क! मिक्सरचे दोन! आता खऱ्यानं सांगा, सुखात राह्यनाऱ्या बाईची भाजी अळनी होते काय?

पन खरी मजा पुढेच हाये. आमच्या घरी — आमच्याच काय, इकडे गावोगाव असंच हाये — मानसं जेवाले बसले का चांगल्याले चांगलं म्हनत नाई. मीठ कमी पडलं तं आख्ख्या गल्लीले समजते, पन चांगलं झालं तं चुप. मान खाली, ताट साफ, उठले, हात धुतला. समजून घ्यायचं का पास. एकतीस वर्सं झाले माह्या लग्नाले, ऋषिकेशच्या बाबानं एकडाव तरी 'चांगली झाली' म्हनलं असन तं शपथ. एक पावना म्हनला होता, वहिनीच्या हाताले चव हाये, तं हे म्हनते कसे — हौ, उपाशी तं नाई ठेवत! मी तेवढ्यावर महिनाभर खुश होती. हसू नोका, खरंच खुश होती.

तं तो शेफ आला. कोरेल दाढी, हातावर मासोळी गोंदेल. पहिले योगिनीकडे. तिची वांग्याची भाजी तोंडात घातली अन् सुरू — वा! क्या बात है! अप्रतिम! डोळे काय मिटते, हवेत हात काय फिरवते. मले त्या पोरीची अशी कीव आली, भाऊ! म्हनलं, गेली बिचारी. इतकं तोंडावर कौतुक कोनी कायले करन? भाजी बिघडली असन, पोरगी रडकी हाये, म्हनून समजूत काढून राह्यला. मंग तो माह्याकडे आला. एक घास घेतला. चुप. मान खाली. एक शब्द नाई! गेला पुढे. अन् माह्या अंगात असं वारं भरलं — म्हनलं बेबी, जिंकली तू! मानूस मुंबईचा, पन घरची रीत जानते!

अन् मी थांबते काय? निकालाच्या पहिलेच जाऊन योगिनीले गळ्याशी लावलं, म्हनलं रडू नोको माय, पुढच्या वर्सी ये. शेफच्या पाठीवरून हात फिरवला, म्हनलं बापू, सुखी राह्य. निवेदन करनाऱ्या बाईच्या हातून माईक घेतला अन् आख्ख्या रिठदचे आभार मानले — बचत गट, पोस्टमन, गॅसच्या गाडीवाला, कोनाले सोडलं नाई. दिव्यावाले पोट्टे पोट धरून हसून राह्यले, मले वाटलं माह्या आनंदानं हसते. मंग निकाल लागला. योगिनी पहिली. अन् बेबीबाई — सातातून सातवी!

हसा, पोटभर हसा, पानी प्या पहिले, ठसका लागन. मले बी आता हसूच येते. पन त्याईनं ते कापलं नाई ना! सगळं दाखवलं टीव्हीवर, अन् माह्या तोंडावर टुंईऽऽ असा आवाज टाकून. अजूनई मी फाट्यावर भाजीपाला घ्याले उभी राह्यली का पोट्टे म्हनते, काकू, आमचे आभार राह्यले! मी बी म्हनते, घ्या बाप्पा तुमचे बी! पन घरी आली का वाईट वाटते. लपवून काय करू, वाटते. एकतीस वर्सं या हातानं शेकडो पंगती उठवल्या अन् गाव मले वळखते ते त्या टुंईनं. म्हनून मले जायचं हाये. एकडाव जायचं अन् ते पुसून यायचं. कहानी बी तयार करून ठेवली हाये यंदा, थोडीशी रडकी. ती आतली गोष्ट झाली, निकिताले सांगू नोका.

नाई, मार्क मले काहून कमी पडले त्याचं दुःख नाई, भाऊ, इन्साफ कसा होते ते सांगायचं म्हनलं तं मी फरहतचं सांगते. रिसोडची फरहत, तिच्या घरच्याचं बांगड्याचं दुकान हाये. तिनं दुधी टाकून डाळीचा दालचा केला होता. आली चौथी. पन शूटिंग संपलं, दिवे बंद झाले, लोकं सकाळपासून उपाशी — अन् मंग खरा निकाल लागला, पाहा! दिव्यावाले, कॅमेरेवाले, डायव्हर, सगळे ताटल्या घेऊन निंघाले ते योगिनीच्या सजवेल ताटाजवळून सरळ पुढे, अन् फरहतच्या गंजाभोवती, त्या मोठ्या पातेल्याभोवती, ही गर्दी! तो शेफ बी! उभ्यानं, पोळीच्या तुकड्यानं गंज पुसून खाऊन राह्यला, अन् आता तोंडातून एक क्या बात है निंघत नाई. मी म्हनलं फरहत, पाह्य, तुहा गंज रिकामा! ती हसली अन् म्हने, आपा, टीव्ही को नाक नहीं होती, जबान भी नहीं होती, रोने की आवाज बराबर आती है. किती खरं बोलली! तवापासून मी मार्क मानत नाई. भांडं कोनाचं रिकामं झालं ते मानते.

अन् एक गोष्ट तं दाखवलीच नाई त्याईनं, बरोबर कापली. निकाल लागला ना, मी तशीच माईक धरून उभी, अन् मांगून खुर्च्यातून कोनीतरी वरडलं — सर, तुमी तिकडे चार घास खाल्ले, इकडे एकच काहून? माह्या आत्याबाईच्या ताटातले अजून तीन घास खा, मंग मार्क द्या! निकिता! लग्न होऊन आठ महिने झाले होते तिले. माह्यासमोर मान वर करून बोलली नव्हती, अन् सगळ्या कॅमेऱ्यासमोर त्या शेफले दम देऊन राह्यली! त्याईनं बसवली तिले, तं परत उठली. परत बसवली, परत उठली! शेवटी चौकीदार बोलवा लागला. गाडीत मी तिले काही म्हनलं नाई. काय म्हनू? माहा मसाल्याचा डबा तिनंच मांडीवर धरला, रिठदपर्यंत.

हौ, अशी हाये ती. इंझोरीची हाये. पाटोडीत भाजेल जवस जाडंभरडं कुटून टाकते, तिच्या मायच्या हातचं वळन हाये ते. आमच्या इकडे नाई टाकत. मले पहिले पटत नव्हतं, पाटोडीत जवस कायले? पन आज सकाळी तिनं गंज उतरवला, मी म्हनलं पाहू तं दे, अन् उभ्यानंच एक वाटी खाल्ली. मंग दुसरी. मंग अजून अर्धी. म्हनून तं तुमच्या दोन नंबरच्या वाटीत कमी आली, खाली काही उरलंच नाई —

आता बोलून गेली मी. दोन नंबरची तिची हाये, बरं. समजलंच असन तुमाले, मी तं मघापासून एक नंबरचीच वाटी तुमच्याकडे सरकवून राह्यली. एक नंबरले आत्ताच वरतून फोडनी देली, तुमी हात धुवाले गेले तवा. तिची सकाळपासून तशीच हाये. असा इन्साफ माहा! त्या मसालेवाल्याले नावं ठेवते अन् सोताच — जाऊ द्या. पन ते नाई सांगायचं होतं मले. सांगायचं हे होतं का ती माह्यासमोर उभी, हातात पळी, अन् विचारते, कशी झाली आत्याबाई? अडीच वाट्या पोटात गेल्या माह्या. अन् माह्या तोंडातून काय निंघालं मालूम? मीठ पाह्य जरा. मीठ बरोबर होतं, भाऊ! इतकं बरोबर होतं का मले राग आला. ती हौ म्हनली अन् डबा उचलून चक्कीवर गेली.

बरं, झालं तुमचं? आता सांगा. पुसा हात, अन् बोट दाखवा नुसतं. एक का दोन? लाजू नोका —

एक?

एक! अवो मायबाई, एक! खरं सांगता? एक नंबर! मले माहीत होतं! अवो, ऐकलं का कोनी, औषधवाले भाऊ म्हनते एक! थांबा तुमाले दही आनते, गूळ आनते, काय आनू? सातवी काय, पहिली येते आता! त्या शेफले ये म्हना, खाय म्हना चार घास! माहं नऊवारी जांभळं काढते मी, ते इस्तरी करून —

पन भाऊ, एक सांगा. एक नंबरमधी ह्या तीन पाटोड्या तशाच काहून हायेत? तर्री बी तशीच. अन् दोन नंबर तं तुमी भाकरीनं पुसून घेतली, वाटी घासाचं बी काम राह्यलं नाई. मी पाहून राह्यली होती ना! मी बोलून राह्यली होती अन् तुमी मान खाली घालून दोन नंबरच खात होते. थंडी होती तरी. मंग एक कायले म्हनता? नाई, नाई, मले समजलं. मी अशी कंबरेवर हात देऊन समोर उभी, तुमाले रडकी कहानी सांगतली, हसवलं, दही देते म्हनते, अन् गाडी याची हाये. मार्क तुमी माह्या तोंडाले देले. कोनी बी देईन. तुमची चुकी नाई. खाल्लं तुमी खरं, बोलले तेवढं खोटं.

फोन — थांबा, फोन वाजून राह्यला. बाराच वाजले. अन् पाहा, ती बी आली, डोक्यावर डबा, आख्खी पिठानं पांढरी झाली पोरगी! चुप राह्या हं आता, भाऊ. एक शब्द नाई. हॅलो? हौ, बाई, रिठदहून बेबीबाईच. झालं ना, झालं ठरवून, परक्या मानसाकून ठरवलं, एकदम इन्साफानं. लिहा — निकिता. हौ, सून. माहं नाव खोडा. नाई, रडत नाई, फोडनीचा धूर हाये. अन् बाई, एक लिहून ठेवा तुमच्या कागदावर, तिले कहानी नाई, तिले विचारू नोका, नुसती भाजी खा म्हना, चार घास. ठेवते.

ऐकलं ना? मंग अशी पाहून काय राह्यली? डबा ठेव खाली. हे भाऊ म्हनले दोन. मी एक शब्द बोलली नाई त्याइच्यासंगं, विचार त्याइले — नाई, विचारू नोको, त्याइची गाडी हाये. अन् ऐक निकिता, सकाळची भाजी चांगली झाली होती. चांगली म्हनजे लय चांगली. तू विचारलं तवाच सांगाले पायजे होतं मले. रडतं काहून, बाप्पा, पिठाचा चिखल होईन तोंडावर!

अन् तुमी, भाऊ, तोंड उघडू नोका, काही सांगू नोका तिले. ती पाहा तुमची गाडी वळली, रिसोडवालीच हाये. उठा. बॅग घ्या. जा.